स्वेलला आवाज नसतो

खुडबुडकाकूंच्या खोलीत एक दरवाजा होता, पण तो कुठे उघडत नसे. भिंतीपासून हातभर अंतरावर चौकटीसकट नुसता उभा. कडी, कोयंडा, साखळी, कुलूप, सगळं जिथल्या तिथे. गोष्टीतला नवरा तणतणत घराबाहेर पडला की काकू तो दरवाजा आपटत, चोर शिरला की श्वास रोखून हळूच लोटत, आणि रुसून गेलेली मुलगी परत आली की कडीशी जरा चाळवाचाळव करून मग उघडत. शेजारी खडीचं ताट, वाळूचं ताट, पाण्याचा टब आणि बायकांच्या, पुरुषांच्या, शिपायांच्या, म्हाताऱ्यांच्या चपलाबुटांचा ढीग. पक्षी उडवायला कातडी हातमोजे, ढग गडगडवायला टांगलेला पत्रा. बोलक्या पुस्तकांचा तो स्टुडिओ. शब्द वाचणारी माणसं काचेपलीकडे बसत, आणि शब्दांच्या मागचं जग काकू या अडगळीतून उभं करत. दिवसभर आतून काही ना काही वाजत असे, म्हणून नाव पडलं खुडबुडकाकू. खरं नाव फक्त पगारपत्रकावर.

या सगळ्या पसाऱ्यात काकूंचा जीव की प्राण म्हणजे त्यांचा समुद्र. परातीहून मोठं, दोन्ही बाजूंनी कातडं मढवलेलं एक पसरट वाद्य आणि त्याच्या पोटात छर्रे. दोन्ही हातांनी धरून हळूच कलतं केलं की छर्रे सरसरत एका कडेला जात. वाटे, लाट आली. उलटं कलतं केलं की वाटे, गेली. काकूंनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो फार लांब होता, आणि तिकडे जाण्याचं कारण पडलं नव्हतं. पण त्या एका वाद्यावर त्यांनी किती जणांना बुडवलं आणि किती जणांना किनाऱ्याला लावलं, ते देवच जाणे.

सोमवारी सकाळी धाकटे मालक खोलीत आले. थोरल्या मालकांनी काम सोडल्यापासून स्टुडिओ यांच्याकडे, आणि यंत्रावरही तेच बसत. काकूंनी त्यांना शाळेच्या गणवेशात पाहिलं होतं, त्यामुळे चारचौघांत "मालक" आणि एरवी "अरे".

"काकू, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट वाटण्यासारखं असेल तर आधी खडीच्या ताटातला पाय काढ. मग सांग."

त्यांनी पाय काढला. "समुद्राच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण परत आलंय. संपादकबाई म्हणतात, यात समुद्र सगळीकडे एकच आहे."

"मग? त्यांना किती हवेत?"

मालकांनी संहितेची पानं पुढे केली. मूळ पुस्तक इंग्रजी. मालाच्या गलबतावरच्या एका म्हाताऱ्या सुकाणूवाल्याची गोष्ट. भाषांतर करणाऱ्याने जिथे तिथे "लाटा" लिहून हात झटकले होते, म्हणून संपादकबाईंनी आवाज करणाऱ्यासाठी मूळ इंग्रजी शब्द समासात लाल शाईने लिहून ठेवले होते. पानागणिक वेगळा शब्द. काकूंनी ते आधी पाहिले नव्हते असं नाही. पहिला शब्द अक्षर-अक्षर लावून वाचला, मालकांना अर्थ विचारला, ते म्हणाले, "लाट." दुसरा विचारला; ते म्हणाले, "लाटच की." तिसरा विचारायची काकूंनी तसदी घेतली नाही आणि प्रकरणभर छर्रे फिरवले.

"गुरुवारी बाई स्वतः ऐकायला येणार आहेत," मालक म्हणाले. "मी काय म्हणतो, कशाला जिवाला त्रास? मशीनमध्ये आता सगळे आवाज तयार मिळतात. समुद्र म्हणून शोधलं की हवे तेवढे समुद्र. आणि खरं सांगायचं, तर मला ही खोली हवीय. इथे आणखी एक वाचक बसवता येईल."

"आणि मी कुठे बसायचं?"

मालकांनी टबातल्या पाण्याकडे पाहिलं. "तुम्ही घरी. आराम करा. खूप केलंत. बाबांचं बजावणं आहे, काकूंना काही कमी पडू द्यायचं नाही."

काकूंना पगाराची भीती नव्हती. मुलगा कमावता, सून कमावती. पण घरी बसून करायचं काय? ज्या बाईला चमचा खाली पडला तरी "हा स्टीलचा, तो पितळेचा" असं वाटत राहतं, तिने आराम कसा करायचा? देवाने काहींना गळा दिला, काहींना हात दिले. काकूंना कान दिले होते, आणि दिलेली वस्तू वापरल्याशिवाय परत करू नये असं त्यांना मनापासून वाटे.

"गुरुवार उजाडायचाय," त्या म्हणाल्या. "तोवर खोली माझी. बाईंना पटलं नाही तर हा दरवाजा तू तुझ्या हाताने उचल. जड आहे, कंबर सांभाळ."

"काकू, हट्ट करताय."

"हो. करतेय."

संध्याकाळी काकूंनी पानं सुनेपुढे टाकली. सून शाळेत इंग्रजी शिकवी. वह्या तपासायच्या सोडून तिने जाडजूड शब्दकोश काढला. रिपल: लहान लाट, तरंग. चॉप: लाटांची खळबळ. स्वेल: मोठी लाट. ब्रेकर: फुटणारी लाट. सर्फ: किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा.

"सगळ्या लाटाच आहेत, आई."

"म्हणजे पाच जावा आणि पाचींना हाक एकच," काकू म्हणाल्या. "अगं, पण घरातल्या माणसाला कळतंच ना कोणाला बोलावलं ते? इंग्रजांनी पाच नावं उगाच ठेवली असतील का? त्यांना काय उद्योग नव्हते?"

"उद्योगच समुद्राचे होते त्यांचे, म्हणून तर," सून हसून म्हणाली. मग तिने कोश मिटला. "आपण खाली चीफना विचारू या का?"

खालच्या मजल्यावरचे चीफ म्हणजे जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर. जमिनीवर येऊन इतकी वर्षं झाली तरी पाय फाकवून चालत, आणि इंजिनांच्या धडधडीने कान मंदावल्यामुळे बोलत मात्र सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. दार उघडल्या उघडल्या त्यांनी सासू-सुनेला एकत्र पाहिलं आणि म्हणाले, "भांडण सोडवायला आला असाल तर मी सुनेच्या बाजूने."

"भांडण नाही, चीफ. लाटांचं विचारायचंय."

"मग चुकीच्या दारात आलात, वहिनी. उभा जन्म मी जहाजाच्या पोटात काढला. लाटा वर, मी खाली. मला लाट दिसेल तेव्हा जहाज बुडतच असेल."

"पण हे शब्द तर कानावर पडले असतील," सून म्हणाली आणि तिने वाचून दाखवले.

चीफ खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही तळपाय फरशीवर सपाट टेकवले, जणू फरशीलाच विचारतायत. "चॉप मला ठाऊक आहे. वारा इथला, आत्ताचा, आणि त्याने चिडवलेलं पाणी. आखूड, किरकिरं. लहान होडीत बसलात तर कण्याचे मणके मोजून घ्या. आमच्या जहाजाला मात्र नुसत्या गुदगुल्या. रिपल तर त्याच्याही आधीची. वाऱ्याने नुसता हात फिरवला पाण्यावरून, झालं."

"आणि स्वेल?"

हात सपाट धरून त्यांनी तो हळूहळू वर नेला, वर थोडा रेंगाळू दिला, आणि तितक्याच सावकाश खाली आणला. "ती पायाला कळते. वर वारा नाही, ढग नाही, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत, डेकवरची पोरं शीळ घालतायत. आणि खाली माझा पाना टेबलावरून आपला आपण निघाला. गेला, कडेला थांबला, परत आला. मग समजायचं, कुठेतरी लांब वादळ होऊन गेलंय. वादळ संपलं, वारा निजला, पण पाण्याला दिलेली ढकल चालतच राहिली. आपल्याखालून जाते ती स्वेल."

"अच्छा! म्हणजे वारा सोबत आहे तोवर चॉप," सून घाईने म्हणाली, "आणि वाऱ्याला मागे टाकून एकटी निघाली की स्वेल. आणि ब्रेकर, म्हणजे पुढे तीच…" तिने कोशात पुन्हा डोकं घातलं. "तळ उथळ झाला की फुटते ती."

"ब्रेकर मी ऐकलेला नाही," चीफ म्हणाले. "जहाजवाल्याने ऐकू नये. जिथे ब्रेकर तिथे खाली जमीन आलेली असते. लाटेचा पाय अडखळतो आणि ती तोंडावर आपटते. तिच्यामागोमाग आपण."

"सर्फ मला ठाऊक आहे," सून म्हणाली. "लग्नानंतर आम्ही गेलो होतो ना, तेव्हा पाय भिजवले होते. तो पांढरा फेसाचा पट्टा. सरसर येतो, वाळूत जिरतो, खडे ओढत परत जातो. आई, अगदी तुमच्या छर्ऱ्यांसारखा!"

सून कौतुकाने बोलली होती, पण काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांचं ते लाडकं वाद्य, ज्यावर त्यांनी आजवर भर समुद्रात वादळं केली, जहाजं हाकली, ते सगळं म्हणजे काय होतं? पाय भिजवायच्या वाळूचा आवाज. एवढ्या मोठ्या वस्त्राची त्या नुसती किनार वाजवत आल्या होत्या.

"चीफ," त्या म्हणाल्या, "इतके दिवस हे माझ्या कानावर का घातलं नाहीत हो?"

"तुम्ही कधी विचारलंत? जिन्यात भेटलात की म्हणता, आवाज कमी करा!"

दुसऱ्या दिवशी काकू कामाला लागल्या. रिपल आणि चॉप तासाभरात जमले. टबात बोटांची नुसती टोकं फिरवून बंदरातली पहाट झाली, आणि लाकडी फळीवर तळहाताने ओल्या, आखूड, बेताल चापट्या मारल्या तर होडी अशी बडबडायला लागली की काचेपलीकडचा वाचक नकळत खुर्ची धरून बसला. मग आली स्वेल. काकूंनी जाड घोंगडी पाण्यात बुडवून हळूहळू ओढली. खर्जातला, लांब, घुमणारा असा एक आवाज निघाला. त्यांना स्वतःलाच तो इतका आवडला की फोनवर भरून संध्याकाळी त्या थेट चीफकडे गेल्या.

चीफनी फोन कानाला चिकटवून ऐकलं. पुन्हा ऐकलं. "छान आहे. काय आहे हे?"

"स्वेल!"

"वहिनी, स्वेलला आवाज नसतो."

"असं कसं? एवढी मोठी लाट, आणि आवाज नाही?"

"ती कशावर आपटतच नाही, तर वाजेल कशी? खाली पाणी, बाजूला पाणी. तुम्ही किनारा उचलून भर समुद्रात आणून ठेवलात."

काकू रागारागाने जिना चढल्या. राग चीफवर नव्हता, आणि कोणावर होता तेही कळत नव्हतं. मालक खोली काढून घ्यायला बसलाय, गुरुवारी बाई येणार, आणि जी सिद्ध करायची ती लाट मुकी! ज्या बाईच्या हातात देवाने आवाजाखेरीज काही दिलं नाही, तिने बाईंना ऐकवायचं काय? शांतता? मालक म्हणेल, शांतता तर मशीनमध्ये फुकट मिळते.

जेवण झाल्यावर त्यांनी प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. सुनेने समासातले इंग्रजी शब्द, त्यांनी मराठी ओळी, असं एकाला एक लावून. वादळ काल होऊन गेलेलं. सकाळी धुकं. वारा पडलेला, शिडं लोंबतायत. खलाशी खुशीत आहेत, एक जण तर दाढी करायला बसलाय. आणि सुकाणूवर म्हातारा. बराच वेळ काही घडत नाही. मग म्हातारा मान वर करतो. धुक्यात, पुढे कुठेतरी, त्याला काहीतरी ऐकू येतं. समासात लाल अक्षरांत: ब्रेकर.

काकूंनी पान खाली ठेवलं.

"काय झालं, आई?"

"अगं, त्याला ते ऐकू आलं कारण त्याआधी काहीच ऐकू येत नव्हतं!" काकू उठून उभ्याच राहिल्या. "मी काय केलं? पहिल्यापासून सरसर, सरसर. ऐकणाऱ्याच्या कानात आधीच किनारा कोंबून ठेवला. मग खडक आला तेव्हा त्याला कळणार कसं? बिचारा म्हातारा दचकतोय आणि ऐकणारा म्हणतोय, याला काय झालं! बाई बरोबर बोलल्या."

काकूंचे वडील कीर्तन करत. भक्तावर संकट कोसळायची वेळ आली की गाणं थांबवत, साथीदाराला डोळ्यांनी गप्प करत, आणि इतक्या हलक्या आवाजात बोलू लागत की मागच्या रांगा पुढे सरकत. लहानपणी काकूंना वाटे, बाबांचा घसा बसला. आज त्यांना कळलं की घसा चांगला होता. सगळं सभागृह त्या एका श्वासावर धरून ठेवायची ती हिंमत होती. तशी हिंमत आपल्याला होईल का? आवाज करणारीने आवाज न करायचा?

"व्हायलाच हवी," त्या मोठ्याने म्हणाल्या. सुनेने विचारलं काय व्हायला हवी, तर म्हणाल्या, "चीफचा पाना."

बुधवारी खोलीत कोणाला पाऊल ठेवू दिलं नाही. लाट वाजत नसली तरी लाटेवरचं घर वाजतं, हे त्यांनी चीफच्या पान्यावरून उचललं होतं. गलबतावर पाना कुठला? टेबलाच्या दोन पायांखाली गोल दांडा घातला, वर पत्र्याचा पेला ठेवला आणि टेबल अगदी सावकाश कलतं केलं. पेला निघाला, सरकत गेला, कडेच्या पट्टीला टेकून थांबला. उलट कलतं केलं, परत आला. जाड दोर खांबाला गुंडाळून दुसऱ्या हाताने ताणला, तो कण्हला. एवढंच. बाकी काही नाही. पाण्याचा थेंब नाही.

अडलं ते वेगावर. हात सवयीने घाई करत. पेला भराभर धावू लागला की गलबत डोलकाठीसकट खेळणं वाटे. काकूंनी चीफना फोन लावला.

"चीफ, हात कसा वर नेला होतात ते पुन्हा करा."

"फोनवर?"

"तोंडाने म्हणा. वर… खाली… असं."

पलीकडून घोगरा आवाज आला, "वर…" आणि इतका वेळ काही नाही की काकूंना वाटलं फोन तुटला. मग, "खाली…" काकूंनी फोन खांद्याशी धरला आणि त्या वेगात टेबल कलतं करत राहिल्या. चीफही काही विचारत नव्हते, काम सोडून म्हणत राहिले. दुपार कलली तेव्हा तो वेग मनगटात बसला. देवाचं नाव घेताना श्वास आपोआप लांबतो, तसा.

आणि मग काकूंच्या मनात आलं, की खडकावर फुटते ती दुसरी कोणी नाही. हीच. मगाशी गलबताखालून निमूट गेली ती. तिचं चालणं तेच. आता पाय अडखळला म्हणून ओरडली, इतकंच. मग ब्रेकरही याच वेगाने यायला हवा. ना लवकर, ना उशिरा. त्यांनी ओली घोंगडी दगडी फरशीवर आपटली, त्याच क्षणी पायाने पत्रा हलवला, आणि तोंडाने मोजत थांबल्या, "वर…" हात शिवशिवत होते. वादळात भराभर आपटायची हातांची जुनी खोड. पण त्या थांबल्या. "खाली…" मग पुन्हा आपटली.

गुरुवारी संपादकबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ढकललेला. धाकट्या मालकांनी त्यांना यंत्राजवळची खुर्ची आणि हेडफोन दिला, काकूंना स्टूल. काकूंनी डोळे मिटून हात जोडले, आणि मालकांनी आदल्या रात्री भरून ठेवलेलं प्रकरण लावलं.

बंदर सुटलं. रिपल. बाईंनी मान हलवली. खाडीच्या तोंडाशी वारा आला, चॉप आली. बाईंची भुवई किंचित वर गेली. वादळ झालं, तेही ठीक. मग वाचकाने सांगितलं की सकाळी धुकं होतं.

पेला सरकला. थांबला. दोर कण्हला. पेला परत आला.

बाईंनी हेडफोन एका कानावरून बाजूला केला. "समुद्र कुठे गेला?"

धाकट्या मालकांचा चेहरा पडला. "सॉरी, बाई. एक मिनिट. माझ्याकडे तयार आवाज आहे, लगेच घालतो." त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी त्या बोटावर आपला तळहात ठेवला आणि दाबून धरला.

"समुद्र खालून चाललाय, बाई," त्या म्हणाल्या. "कानावर परत घ्या. मालक, तू हात काढ."

"काकू, अहो, त्यांनीच…"

"हात काढ म्हणतेय ना."

चारचौघांत त्यांनी मालकांना "तू" म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. मालकांनी हात काढला. बाईंनी काकूंकडे एकदा नीट पाहिलं, आणि हेडफोन परत कानावर ओढला.

खलाशी दाढी करत होता. पेला सरकत होता. वाचक निवांत वाचत होता. किती तरी वेळ काही घडेना, आणि घडेना तसतशा बाई खुर्चीत पुढे पुढे सरकू लागल्या. काकू त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या मनात मोजत होत्या. वर… खाली… म्हाताऱ्याने मान वर केली.

लांबून, धुक्याच्या आतून, एक दबका आपटल्याचा आवाज आला. पेला सरकला, थांबला. पुन्हा तो आवाज. पेल्याच्या थांबण्याला बरोबर लागून.

बाईंनी खुर्चीचा हात पकडला. "अरे देवा," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "तीच आहे."

त्यानंतर खडक आला, लाकूड फुटलं, माणसं ओरडली. पण त्यात काकूंना काही विशेष नव्हतं, ती त्यांची रोजची कामं. शेवटी दोघं जण वाळूवर येऊन पडले, तिथे काकूंनी छर्रे फिरवले होते. सर्फ. जिथलं तिथे.

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. कपाळावरचा चष्मा काढून पुसला. "एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "पहिला ब्रेकर थोडा जवळचा झालाय. म्हाताऱ्याला तो ऐकू येतो, बाकीच्यांना नाही. आणखी लांब न्या."

"नेते," काकू म्हणाल्या. त्यांनाही रात्री तेच खटकलं होतं.

"आणि ते मशीनमधलं काही घालू नका. मला त्या शांततेत काहीही नकोय." बाई मालकांकडे वळल्या. "पुस्तकाची अकरा प्रकरणं राहिलीत. सगळी यांच्याकडूनच हवीत. नाहीतर मी दुसरीकडे जाते."

धाकटे मालक काकूंकडे वळले. म्हणाले, "मग दुसऱ्या वाचकाला मी कुठे बसवू?"

"तुझ्या केबिनमध्ये बसव," काकू म्हणाल्या. "तू तसाही तिथे नसतोस, इकडे येऊन माझ्या खडीत पाय घालत असतोस."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मालकही हसले, जरा उशिरा. "या पुस्तकापुरती खोली तुमची," ते म्हणाले, "पुढचं पुढे बघू." काकूंना ते पुरलं. त्यांनी पुढचं प्रकरण मागून घेतलं आणि तिथेच, उभ्या उभ्या, समासातला पहिला लाल शब्द बोट ठेवून लावायला घेतला. तीन अक्षरं लागली, चौथं अडलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "जायच्या आधी जरा बसा. हा काय शब्द आहे, आणि तो कुठे असतो, तेवढं मला नीट सांगा."